लाल, हिरवी

साक्रीकडच्या ठेलाऱ्यानं पिशवीतून काढून हातात दिली, म्हणाला,
"तिले काम दे भो, नहीते ती तुनंच काम करी टाकी."
मी हसलो. चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड,
आता निवृत्त. माझं कुठलं काम उरलंय
जे कुणी करून टाकेल?

पहिल्या महिन्यात तिनं केलं ते असं:
उजव्या पायाच्या तीन चपला
(डावीला तोंड लावलं नाही, तिचा काही नियम असावा),
पेन्शनच्या पासबुकाची पहिली चार पानं,
गादीतला कापूस अंगणभर,
आणि शेजारच्या लीलाधर फेगडेंच्या सात कोंबड्या
हौदाच्या कोपऱ्यात दाटीनं उभ्या,
एकीचंही पीस न दुखावता.

नाव ठेवलं गोफण.

लोक म्हणाले, दमव तिला.
म्हणून रोज पहाटे तापीच्या पुलापर्यंत जाऊन परत.
पंधरा दिवसांत माझे गुडघे सुजले,
तिच्या मांड्या मात्र भरल्या.
मी खाटेवर आडवा,
आणि ती समोर उभी, तोंडात चौथी चप्पल.
उजवी.

मग मे आला. भुसावळचा मे,
नळालाच चहाचं आधण येतं.
दहानंतर डांबरावर माणसाचं पाऊल ठरत नाही,
तिचं तर उघडंच.
दारं लावून कूलरसमोर आम्ही दोघं.
मी तीन वाट्या उपड्या घातल्या,
एकीखाली कळण्याच्या भाकरीचा तुकडा,
आणि यार्डात डबे फिरवतात तशा फिरवल्या.
पहिल्या दिवशी तिनं तिन्ही उलथल्या.
तिसऱ्या दिवशी एकच.
पाचव्या दिवशी वाट्यांकडे पाहिलंच नाही,
सरळ माझ्या मुठीला नाक लावलं.
तुकडा मी ठेवलाच नव्हता.

त्या दुपारी ती झोपली. चार तास,
मधूनच पंजे हलवत, वाट्या सरकवत.
मी पंख्याखाली बसून मोजत होतो
पुलापर्यंतच्या फुकट गेलेल्या पहाटा.

मग केळीच्या वाळक्या पानांचा ढीग आणून
त्यात बट्टीचे तुकडे पेरले.
मग नावं. टॉर्च म्हटलं की टॉर्च,
शिट्टी म्हटलं की शिट्टी.
चष्मा शिकवला, ती माझी चूक.

एके दिवशी पेटीतून झेंड्या काढल्या.
हिरवी म्हणजे चल. लाल म्हणजे आहेस तिथं.
नऊ दिवस लागले.
दहाव्या संध्याकाळी गल्लीतली पोरं कुंपणावर बसून होती,
मी लाल उचलली आणि ती धावता धावता
धुळीत दोन रेघा ओढून थांबली.
खरं सांगतो, माझ्या हाताला कापरं भरलं.

लस टोचता टोचता डॉक्टर झांबरेबाई म्हणाल्या,
"काका, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही.
दोन्ही मातकटच दिसतात त्यांना."

घरी येऊन दाराआड उभा राहिलो,
फक्त झेंडी बाहेर काढली. हिरवी.
ती जागची हलली नाही.
लाल. मान तिरकी केली, बस.
बाहेर आलो तर
माझा खांदा बघत होती, कोपर बघत होती.
तेव्हा कळलं, लाल दाखवताना मी श्वास धरतो.
हिरवीला माझा डावा पाय
वीतभर पुढे सरकतो.

चौतीस वर्षं शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवली.
ड्रायव्हर अर्धा किलोमीटर पुढे,
त्याला ठिपका दिसायचा, तेवढा पुरायचा.

आता मी खांदा मुठीत ठेवायला शिकतोय.
ती मला पकडायला शिकतेय, आणि तिची प्रगती बरी आहे.

आज पहाटे अंथरुणात बसून विचार करत होतो,
जावं का, की नको.
ती उठून दाराशी गेली.
"कुठं गं?" म्हटलं.
तिनं माझ्या पायाकडे पाहिलं.
डावा खाटेखाली उतरला होता.

उजवी चप्पल आणून ठेवली तिनं.
डावी माझी मीच शोधली.